बुद्धांची ओळख : कपिलवस्तूच्या राजवाड्यातून की राजपुरीच्या खाडीतून?

दिवेआगरला येणाऱ्या शालेय सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सुरूच्या बनाआडचा लांबलचक किनारा, पोफळीच्या वाड्या, १९९७ साली एका वाडीत तांब्याच्या पेटीत सापडलेल्या सुवर्णगणेशाचे मंदिर, वेळ उरलाच तर रूपनारायणाची देखणी मूर्ती. आणि मग बस हरिहरेश्वरकडे किंवा जंजिऱ्याकडे वळते. इतिहासाची आवड असलेला एखादा शिक्षक सोबत असेल, तर शके ९८२ च्या, म्हणजे इ.स. १०६० च्या दिवेआगर ताम्रपटाचा उल्लेख होतो. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, त्यामुळे तो उल्लेख योग्यच.

या मुलांपैकी बहुतेकांनी शाळेत बौद्ध धर्माचा धडा वाचलेला असतो. त्या धड्यातील गावे मात्र सारीच दूरची : लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर. परीक्षेपुरती ती पाठ होतात. ज्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे, त्याच राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला कुडा नावाच्या गावाजवळ सव्वीस बौद्ध लेणी आहेत, आणि तेथील भिंतींवर या परिसरातील माणसांनी अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी आपली नावे, आपले व्यवसाय आणि आपले दान कोरून ठेवले आहे, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. दिवेआगरहून म्हसळ्यामार्गे हे अंतर तास-दीड तासाचे.

या धाग्याचे म्हणणे एवढेच, की महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना बौद्ध धर्माची पहिली ओळख करून द्यायची असेल, तर ती राजवाडा, रथ आणि चार दृश्ये या कथेपासून करून देऊ नये. ती कुडासारख्या ठिकाणापासून करून द्यावी.

आधी त्या कथेविषयी. राजा शुद्धोदन मुलाला दुःखाचे दर्शनही होऊ देत नाही. राजपुत्र रथातून बाहेर पडतो. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहतो. आणि एका रात्री पत्नी-पुत्राला निद्रेत सोडून निघून जातो. कथा सुंदर आहे यात शंका नाही. चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी तिच्यावर उगाच प्रेम केलेले नाही. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता, हे वर्गातील चलाख मुलाला पटत नाही, आणि त्याने शंका विचारली तर बहुधा त्यालाच गप्प बसवले जाते.

त्या मुलाची शंका मराठी भाषकांना नवी नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी तरुणपणी घरच्या नारळीच्या बागांची देखरेख करत. ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकातून त्यांना बुद्धचरित्राची ओढ लागली. त्या ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे करत ते १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे मूळ पाली ग्रंथ शिकले. पुढे ‘भगवान बुद्ध’ या १९४०–४१ च्या मराठी ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की चार दृश्यांची ही कथा जुन्या पाली सुत्तांत गौतमाविषयी नव्हे, तर विपस्सी नावाच्या पूर्वबुद्धाविषयी सांगितलेली आहे. गौतमाच्या गृहत्यागाविषयी मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्त सांगते ते अगदी साधे आहे : आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत, तरुण गौतमाने केस-दाढी काढून काषाय वस्त्र धारण केले. तेथे मध्यरात्र नाही, घोडा नाही आणि निजलेली यशोधराही नाही.

शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नव्हता, हेही याच ओघात सांगायला हवे. शाक्यांचे गणराज्य होते. कुळप्रमुख एकत्र बसून निर्णय घेत आणि त्यांच्यावर कोसल राज्याचे वर्चस्व होते. ‘राजपुत्र’ या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र बरेचसे नंतरच्या काव्यांतून आलेले आहे. बौद्ध संघाचे नियम, सभा भरवण्याची रीत, ठराव तीनदा पुकारून संमती घेण्याची पद्धत यांचे नाते अशा गणराज्यांच्या सभांशी अनेक अभ्यासकांनी जोडले आहे. राजवाड्याची कथा नेमकी हीच बाजू झाकून टाकते.

मग गौतमाने घर का सोडले? कोसंबींनी उत्तराचा धागा सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात शोधला. आटत चाललेल्या पाण्यात मासे जसे तडफडतात, तशी एकमेकांविरुद्ध उभी राहून तडफडणारी माणसे पाहून आपल्या मनात भय उत्पन्न झाले, असा त्या सुत्तातील बुद्धांच्या बोलण्याचा आशय आहे. कोसंबींनी याचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या भांडणांशी लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात पहिलाच प्रश्न हा विचारला, की चार दृश्यांचे कारण बुद्धीला पटते का. आणि आपल्या मांडणीत त्यांनी रोहिणीच्या पाण्याचा तंटा, संघसभेतील युद्धाचा ठराव आणि त्याला सिद्धार्थाचा विरोध यांना मध्यवर्ती स्थान दिले.

येथे विद्यार्थ्यांशी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. परंपरेतील अट्ठकथांमध्ये रोहिणीचा तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा, आणि तेथे बुद्ध मध्यस्थी करतात. तेव्हा गृहत्यागाचे कारण म्हणून त्याची केलेली मांडणी हे दोन थोर मराठी अभ्यासकांचे अनुमान आहे. पुराव्याने सिद्ध झालेली घटना असे तिला म्हणता येत नाही. परंतु अनुमान कसे बांधतात, जुना थर कोणता, नंतरची भर कोणती हे ज्या धड्यात शिकता येते, तो धडा घोकण्यापेक्षा केव्हाही मोलाचा. शिवाय ‘आटत्या पाण्यातील मासे’ ही उपमा किनाऱ्यावरच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत अडकलेले मासे त्याने पाहिलेले असतात.

आता कुडाकडे वळू या.

खाडीच्या काठच्या टेकडीवर ही लेणी आहेत. जवळच मांदाड हे आज छोटे असलेले गाव आहे. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत कोकण किनाऱ्यावर ‘मंदगोरा’ नावाचे बंदर येते. ते हेच मांदाड असे अनेक अभ्यासक मानतात, काही जण बाणकोटकडे बोट दाखवतात. कुडाच्या लेखांत ‘महाभोज’ ही पदवी धारण करणाऱ्या आणि स्वतःला ‘मांदव’ म्हणवणाऱ्या स्थानिक सत्ताधीशांचे घराणे दिसते. महाभोजी सडगेरी विजया आणि तिचा पुत्र महाभोज मांदव खंदपालित ही नावे त्या भिंतींवर आहेत. ध्यानात घेण्यासारखे हे, की सत्ताधीशाची ओळख आईच्या नावाने दिली आहे.

या लेण्यांची जागा हाच बौद्ध आचाराचा पहिला धडा आहे. बिंबिसार राजाने बुद्धांना वेळुवन अर्पण केले तेव्हा त्याने विचार केला तो असा, की भिक्षूंची जागा गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको. दूर असेल तर भिक्षा कशी मिळणार, आणि जवळ असेल तर निवांतपणा कसा लाभणार? विनयपिटकातील ही गोष्ट कुडाच्या टेकडीवर उभे राहून सांगितली, तर समजावण्याचे श्रम उरत नाहीत. खाली बंदर, व्यापारी, गजबज. वर दगडातील खोली, एक ओटा आणि पाण्याचे टाके.

भिक्षू दगडात का राहू लागले, याचेही उत्तर कोकणात सर्वांत लवकर समजते. आरंभीचे भिक्षू बारमाही फिरत. पावसाळ्यातही हे लोक हिरवे अंकुर आणि बारीक जीव तुडवत का हिंडतात, अशी लोकांची तक्रार बुद्धांपर्यंत गेली, आणि वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. बौद्ध आचारातील एक मोठी संस्था लोकांच्या रास्त तक्रारीतून जन्माला आली, हा तपशील पाठ्यपुस्तकी यादीत कधी येत नाही. रायगडचा आषाढ अनुभवलेल्या मुलाला ही तक्रारही कळते आणि गळणार नाही अशा छपराची गरजही.

कुडाच्या लेखांतील शब्दांकडे थोडे थांबून पाहावे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. खोदलेल्या निवासाला तेथे शब्द आहे ‘लेण’. मराठी माणूस आजही तोच शब्द वापरतो. खडकातील टाक्याला ‘पोढी’. आजचे लेणी-अभ्यासक आणि डोंगरभटके हा शब्द जसाच्या तसा उच्चारतात. दानाला ‘देयधम’, म्हणजे द्यावयाची धर्मादाय वस्तू. इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या इतिहासात मोलाचा खराच. पण याच परिसरातील भिंतींवर त्याच्याही शेकडो वर्षे आधी मराठीचे हे पूर्वज-शब्द कोरले गेले होते, आणि ते कोरून घेणारे बौद्ध उपासक होते.

हे उपासक कोण होते? लेखांची संख्या वीसहून अधिक आहे, आणि त्यांचे वाचन म्हणजे एखाद्या जुन्या बाजारपेठेतून फेरफटका मारण्यासारखे आहे. वधुक नावाच्या माळ्याचा मुलगा सिवपिरित, तोही माळीच. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक. कऱ्हाडहून घाट उतरून आलेल्या या माणसाने खाडीकाठी लेणे दिले, यावरून घाट आणि बंदर यांना जोडणारी वाट डोळ्यांपुढे येते. एक श्रेष्ठी, एक सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक. सोमदेव नावाचा वैद्य. त्याच्यासोबत नाग, इसिरखित, सिवघोस हे मुलगे आणि इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा या मुली, प्रत्येकाचे नाव स्वतंत्रपणे नोंदलेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोकणातील चार बहिणींची नावे आज उच्चारता येतात, ती या एका लेखामुळे.

सर्वांत भव्य असलेल्या सहाव्या लेण्यात सिवम नावाच्या गृहस्थाचे दान आहे. त्याचा थोरला भाऊ सिवभूती हा लेखक, म्हणजे दरबारी लेखनिक. लेणे सिवमाचे, दगडातील शिल्पकाम त्याची पत्नी विजया आणि मुलांचे, खांब मुलींचे. एका कुटुंबाने आपापसात वाटून घेतलेले हे पुण्य. आज तेथे दिसणाऱ्या बुद्धमूर्ती मात्र त्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या आहेत. मूळ लेण्यांत पूजास्थानी होता तो केवळ स्तूप.

हा मूर्तीविना स्तूप विद्यार्थ्यांपुढे एक मूलभूत प्रश्न ठेवतो : बुद्ध देव होते का? बुद्धांनी स्वतःला मार्गदाता म्हटले. मोक्षदाता ही भूमिका त्यांनी घेतली नाही. त्यांच्या पश्चात त्यांचे स्मरण अस्थींवर रचलेल्या स्तूपाच्या आकारात झाले. समोर उभा असलेला तो घुमट म्हणजे एका माणसाचा मृत्यू झाला, तो कोणाला टळला नाही, याची दगडातील कबुली होय. जे उत्पन्न होते ते नष्ट होते, या अनित्यतेच्या शिकवणीला याहून नेमके चित्र सापडणे अवघड.

चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग शिकवू नयेत असा याचा अर्थ नाही. ते शिकवायलाच हवेत. पण आज ज्या रीतीने शिकवले जातात, त्यात बहुधा क्रमच उलटा होतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध शक्य आहे, त्याकडे नेणारा मार्ग आहे, ही वैद्याच्या विचारपद्धतीची मांडणी आहे : रोग, निदान, रोगमुक्तीची खात्री, उपचार. वैद्य सोमदेवाच्या लेण्यात बसून ती सांगितली, तर ‘बौद्ध धर्म निराशावादी आहे’ हा शेरा पुसला जातो. रोग ओळखणाऱ्या वैद्याला कोणी निराशावादी म्हणत नाही. आंबेडकरांनीही दुःखाची सत्ये सुटी काढून शिकवली तर धम्म निराशेचा वाटतो, हे नेमके ओळखले होते.

अष्टांगिक मार्गातील आठ नावे घोकताना ‘सम्यक् आजीविका’ हे एक अंग सहसा घाईत निघून जाते. शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धवचन सांगते. मग लोखंडाचा व्यापारी महिक काय विकत असेल? नांगराचे फाळ की भाल्यांची पाती? लेख याविषयी मौन बाळगतो. पण वर्गात हा प्रश्न टाकला तर मुले पाऊण तास वाद घालतील, आणि त्या वादात सम्यक् आजीविकेचा अर्थ त्यांच्या लक्षात कायमचा राहील.

भिक्षुणी पदुमनिकेचा लेख तर स्वतंत्र तासाचा विषय आहे. ती स्वतः प्रव्रजिता. तिची आई नागनिका हीही प्रव्रजिता. पतिमित आणि अगिमित या दोन थेरांची ती भाची. आणि बोधी व असाळ्हमिता या तिच्या शिष्या. या सर्वांसह तिने एक लेणे आणि एक पोढी दान दिली. मायलेकी दोघी भिक्षुणी, मामा भिक्षू, हाताखाली शिकणाऱ्या स्त्रिया, आणि भिंतीवर कोरलेले स्वतःचे नाव. सर्वसंगपरित्याग केलेल्या स्त्रीकडे दान देण्याइतके साधन कोठून आले, आणि संन्यास घेतल्यावरही आई व मामा यांचे नाते तिने का नोंदवले, हे दोन्ही प्रश्न ग्रंथांतील नियम आणि लोकांचे प्रत्यक्ष जगणे यांतील अंतर दाखवतात. धर्माचा इतिहास शिकवणाऱ्याने या अंतराला घाबरू नये.

साधन कोठून येत असे, याचा एक स्पष्ट हिशेब नाशिकच्या लेण्यांत मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव, ‘अक्षयनीवी’, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारावर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज होते दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. भिक्षूने सोन्या-चांदीला स्पर्श करू नये हा विनयाचा दंडक, आणि वीस जणांच्या वस्त्रांची सोय व्याजातून लावणारी ही व्यवस्था, दोन्ही एकाच काळी नांदत होत्या. गणिताच्या शिक्षकाने हे उदाहरण उसने न्यायला हरकत नाही.

कुडाच्या आणखी एका लेखाने दोन्ही बाजूंच्या सोप्या घोषणा अडचणीत येतात. अयितिलु नावाचा ब्राह्मण उपासक, त्याची पत्नी ब्राह्मणी भयिला. तिने चैत्यगृह दान दिले. दात्यांच्या नावांतही शिव पुन्हा पुन्हा येतो : सिवभूती, सिवम, सिवपिरित, सिवघोस. धम्माला शरण जाताना या घरांनी आपल्या मुलांची नावे बदलली नाहीत. ‘बौद्ध विरुद्ध ब्राह्मण’ अशी एकच सरळ रेघ ओढून हा इतिहास शिकवता येत नाही. पण म्हणून ‘सारे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते’ हे गोड चित्रही खरे नव्हे. जन्मावरून श्रेष्ठत्व ठरत नाही, कर्मावरून ठरते, ही बुद्धांची भूमिका त्या काळाच्या समाजरचनेला दिलेले थेट आव्हान होते. माळी आणि महाभोज यांची नावे एकाच टेकडीवर, एकाच लिपीत आणि एकाच ‘देयधम’ या शब्दासह कोरलेली आढळतात, ते त्या आव्हानाचे एक फळ मानता येईल.

कोकणात हा विचार आला कसा, याचेही दुवे आहेत. उत्तर कोकणातील सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत, आणि तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. अशोककाळी अपरांतात, म्हणजे या किनारपट्टीत, धम्मप्रसारासाठी आलेल्या स्थविराचे नाव सिंहली परंपरेने ‘योनक धम्मरक्खित’ असे जपले आहे. योनक म्हणजे ग्रीक! कोकणी माणसाला बुद्धांचे विचार एका यवनाने सांगितले, ही परंपरा खरी असो वा अर्धी खरी, मुलांच्या मनातील ‘आपले’ आणि ‘परके’ यांचे कप्पे हलवायला पुरेशी आहे.

त्याहून जुनी आठवण पूर्ण स्थविराची. पश्चिमेकडील सुनापरांत हा त्याचा प्रदेश. संस्कृत बौद्ध कथांत तो सोपाऱ्याचा व्यापारी आहे. तेथील लोक उग्र आहेत, शिव्या देतील तर काय करशील, असे बुद्ध त्याला विचारतात. हात उगारला नाही हे त्यांचे भलेपण, असे तो म्हणतो. हात उगारला तर? दगड मारले नाहीत हे भलेपण. दगड, काठ्या, शस्त्रे असे करत प्रश्न प्राण घेण्यापर्यंत जातो, आणि त्याचे उत्तर ढळत नाही. तेव्हा बुद्ध त्याला जाण्याची अनुमती देतात. कोकणी माणसाच्या तोंडाळपणाविषयीचा हा प्राचीन अभिप्राय किनाऱ्यावरच्या वाचकांनी हसून घ्यावा. परंतु क्षांती, म्हणजे सहनशीलता, या गुणाची याहून चांगली ओळख राजवाड्याच्या कथेत मिळत नाही.

हा वारसा लगेच मावळलाही नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी येथे नवव्या शतकात, कोकणच्या शिलाहारांच्या अमलात, विहाराच्या दुरुस्तीसाठी, भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि पुस्तकांसाठी रकमा नेमून दिल्याचे लेख आहेत. एक दाता तर दूरच्या गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून आलेला. दिवेआगरचा ताम्रपट त्यानंतर दोन शतकांनी कोरला गेला. म्हणजे ‘गुप्तकाळानंतर बौद्ध धर्म लोपला’ हे वाक्य कोकणापुरते तरी खोडून लिहायला हवे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शिलालेख रूक्ष असतात, मुलांना गोष्ट लागते. लहान वयात राजपुत्राची कथा मनाला भिडते, तशी दात्यांची यादी भिडत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना ती कथा जरूर सांगावी, कथा म्हणून सांगावी. पण जे विद्यार्थी स्वतःहून इतिहासाचे धागे वाचतात, गड चढतात, नाणी आणि लिप्या यांवर रात्ररात्र वाद घालतात, त्यांना अजूनही त्याच रथात बसवून फिरवणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. रायगड-रत्नागिरीच्या कोणत्याही वर्गात बौद्ध घरांतील मुले बसलेली असतात. त्यांच्यासमोर बौद्ध धर्माचा पाठ ‘उदय, प्रसार, ऱ्हास’ अशा तीन मथळ्यांत संपवणे म्हणजे त्या मुलांना त्यांच्या जिवंत धर्माचे मृत्युपत्र वाचून दाखवणे होय. आणि बाकीच्या मुलांचेही यात नुकसान आहे. कारण माळी, वैद्य, लोहार-व्यापारी, लेखनिक आणि ब्राह्मणी यांचा हा वारसा एका समाजाकडे ढकलून देऊन ती आपल्याच गावच्या पहिल्या लिखित आठवणींना पारखी होतात.

कुडाहून सहल आणखी थोडी लांबवता आली, तर ती महाडला न्यावी. मुंबई–गोवा महामार्गालगत गांधारपाले येथील लेण्यांत कुमार काणभोज व्हेणुपालित याचा लेख आहे. लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या यांच्या दानानंतर त्यात आणखी दोन गोष्टींची नोंद येते : लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या, आणि लेण्याकडे येणारी वाट. राजकुमाराने पाणी दिले आणि पाण्यापर्यंत, निवाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताही दिला, आणि दोन्ही दाने तितक्याच अगत्याने कोरून ठेवली.

त्या लेण्यांखालच्या महाड गावात चवदार तळे आहे. नगरपालिकेने १९२४ सालीच ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना तेथे जाऊन ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, त्यानंतर मार सोसावा लागला, आणि न्यायालयातील वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत चालला. काणभोजाची पोढी आणि चवदार तळे यांच्यामध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. मुलांना आधी वरचा लेख वाचून दाखवावा, मग खाली तळ्याच्या काठावर आणावे, आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, कोसंबींचे आणि आंबेडकरांचे अनुमान, तेथे सांगावे.

जाण्यासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे महिने बरे; टेकडीवरचे शेवाळ तोवर वाळलेले असते. ब्राह्मीची अक्षरे तिरप्या उन्हात अधिक उठावदार दिसतात, तेव्हा दिवेआगरहून सकाळी लवकर निघावे. वर्गाने आधी ब्राह्मीतील ‘ल’ आणि ‘ण’ ही दोन अक्षरे आणि ‘ए’ची मात्रा फळ्यावर गिरवून घ्यावी. एवढ्या तयारीवर कोणताही विद्यार्थी कुडाच्या भिंतीवर बोट न लावता, दोन हातांवर उभा राहून, ‘लेण’ हा शब्द स्वतः शोधून वाचू शकतो.